कोअर कमी, तरी वेग तितकाच : दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना कशी वाचावी

संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना ग्राहक बहुधा दोन कार्डांची तपशीलपत्रके शेजारी-शेजारी ठेवतो, ज्यातील आकडे मोठे ते कार्ड वेगवान असे गृहीत धरतो, आणि किमतीचा मेळ बसला की निर्णय घेऊन मोकळा होतो. ही रीत किती अपुरी आहे हे दाखवणारी एक नामी जोडी एनव्हिडिया या कंपनीच्याच दोन कार्डांची आहे. सप्टेंबर २०२० मध्ये बाजारात आलेल्या जीफोर्स आरटीएक्स ३०८० या कार्डात आकडेमोड करणारे ८,७०४ कोअर आहेत, त्याची मेमरी सेकंदाला ७६० गिगाबाइट माहिती पुरवू शकते आणि त्याला ३२० वॅटपर्यंत वीज लागते. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०७० मध्ये कोअर ५,८८८ आहेत, मेमरीचा पुरवठा सेकंदाला ५०४ गिगाबाइटचा आहे आणि विजेची मर्यादा २०० वॅट आहे. म्हणजे नव्या कार्डात कोअर जवळजवळ एकतृतीयांशाने कमी, पुरवठाही एकतृतीयांशाने कमी, आणि तरीही २५६० गुणिले १४४० पिक्सेलच्या पडद्यावर बहुतेक खेळ चालवून पाहिले असता दोन्ही कार्डांचा वेग जवळपास सारखा भरतो.

यातील कोणताही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा कार्डाच्या एकेका अवयवाची क्षमता सांगतो, आणि कार्डाचा वेग त्या सगळ्या अवयवांनी मिळून ठरतो. त्यामुळे एका कार्डाचा एक आकडा उचलून दुसऱ्या कार्डाच्या त्याच आकड्यासमोर ठेवला की तुलना झाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती झालेली नसते. ते अवयव एकमेकांशी कसे बांधलेले आहेत हे समजले, तर वरचे कोडे सुटते आणि इतर कोणत्याही दोन कार्डांचे पत्रकही डोळसपणे वाचता येते.

पडद्यावरचे चित्र आणि हजारो कोअर

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे, बनलेले असते. ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल असतात. खेळातील हालचाल अखंड भासावी म्हणून असे पूर्ण चित्र सेकंदाला साधारणतः ६० वेळा नव्याने काढावे लागते, आणि अशा प्रत्येक चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. याचा हिशेब सेकंदाला सुमारे ५० कोटी पिक्सेल असा येतो. त्यातील प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवताना त्या जागी कोणती वस्तू दिसते, तिच्या पृष्ठभागाचे चित्र कसे आहे, प्रकाश कोठून येतो आणि सावली कोठे पडते या सगळ्याचे गणित करावे लागते.

हे गणित अफाट असले तरी त्यात एक मोठी सोय आहे. एका पिक्सेलचा रंग काढताना शेजारच्या पिक्सेलचे उत्तर येईपर्यंत थांबण्याची गरज बहुतेक वेळा नसते. म्हणून संगणकाच्या मुख्य प्रोसेसरात मोजकेच, परंतु अतिशय चतुर कोअर असतात, तर ग्राफिक्स चिपमध्ये साधे गणित करणारे हजारो कोअर असतात आणि ते एकाच वेळी कामाला लागतात. एनव्हिडियाच्या चिपमध्ये हे काम बत्तीस-बत्तीसच्या तुकड्यांत चालते. एका तुकडीतील सर्व पिक्सेलांवर एका वेळी एकच सूचना राबवली जाते.

या रचनेचे भान राहण्यासाठी लग्नघरातील स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणावे. कोअर म्हणजे तेथील आचारी, आणि पडद्यावरची एकेक फ्रेम म्हणजे जेवून उठणारी एकेक पंगत. शिधा कोठीघरात भरलेला असतो; ते कोठीघर म्हणजे कार्डावरची मेमरी. कोठीतून स्वयंपाकघरात येण्याच्या दारातून एका वेळी किती सामान येऊ शकते, हा मेमरीच्या पुरवठ्याचा प्रश्न झाला. सेकंदाला किती गिगाबाइट माहिती आत येऊ शकते याच्या या मापाला ‘बँडविड्थ’ म्हणतात. आचारी कितीही असले तरी दारातून शिधा वेळेवर आला नाही तर ते रिकामे उभे राहतात, आणि दार कितीही मोठे असले तरी आचारीच थोडे असतील तर आलेले सामान पडून राहते.

कोअर आणि क्लॉक यांचा गुणाकार

आचाऱ्यांची संख्या सांगितली की अर्धेच सांगून होते. त्यांचा हात किती चालतो हेही सांगावे लागते. चिपमधील कोअर एका ठरावीक ठेक्यावर काम करतात आणि तो ठेका सेकंदाला किती वेळा पडतो हे ‘क्लॉक’च्या आकड्यावरून कळते. आरटीएक्स ३०८० चा जाहीर कमाल क्लॉक १७१० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १७१ कोटी ठेके आहे, तर ४०७० चा २४७५ मेगाहर्ट्झ आहे. प्रत्येक कोअर एका ठेक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज अशा दोन क्रिया करतो असे धरून या क्षेत्रात हिशेब केला जातो. त्यानुसार ८,७०४ ला दोनने आणि १७१ कोटींनी गुणले की सेकंदाला २९.८ लाख कोटी क्रिया येतात, तर ५,८८८ ला दोनने आणि २४७.५ कोटींनी गुणले की २९.१ लाख कोटी येतात. सेकंदाला एक लाख कोटी क्रिया म्हणजे एक ‘टेराफ्लॉप’. कोअरच्या संख्येत एवढी तफावत असलेली ही दोन कार्डे टेराफ्लॉपच्या मापात अवघ्या दोन टक्क्यांच्या अंतराने उभी आहेत.

क्लॉक एवढा वाढवणे शक्य झाले ते चिप घडवण्याचे तंत्र बदलल्यामुळे. ३०८० ची चिप सॅमसंगच्या कारखान्यात ‘८ नॅनोमीटर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रक्रियेने घडवली गेली. तिचे क्षेत्रफळ ६२८ चौरस मिलिमीटर असून तिच्यावर २८.३ अब्ज ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म खटके, बसवलेले आहेत. ४०७० ची चिप तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या अधिक प्रगत प्रक्रियेने घडते. तिचे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, सुमारे २९५ चौरस मिलिमीटर, आणि तरीही ट्रान्झिस्टर ३५.८ अब्ज आहेत. पहिल्या चिपवर दर चौरस मिलिमीटरमध्ये साडेचार कोटी ट्रान्झिस्टर मावतात, तर दुसऱ्या चिपवर बारा कोटी. खटका लहान झाला की तो कमी विजेत आणि लवकर उघडझाप करतो, म्हणून त्याच विजेत अधिक क्लॉक मिळवता येतो. नॅनोमीटरचे हे आकडे आता प्रक्रियेच्या पिढीची नावे झाली असून चिपवरची कोणतीही एक लांबी मोजून ते आलेले नाहीत, ही गोष्ट दोन कारखान्यांच्या चिपा ताडून पाहताना ध्यानात ठेवणे बरे.

टेराफ्लॉप कोठे चालतो, कोठे नाही

एवढ्यावरून टेराफ्लॉप हेच खरे माप असे वाटू लागेल, परंतु दोन वेगळ्या घडणींच्या चिपांमध्ये तेही सरळ लागू पडत नाही. ३०८० च्या आधीच्या पिढीतील आरटीएक्स २०८० टीआय या कार्डात ४,३५२ कोअर आणि सुमारे १३.४ टेराफ्लॉप होते. ३०८० मध्ये कोअर नेमके दुप्पट झाले आणि टेराफ्लॉप दुपटीच्याही थोडे पुढे गेले, पण खेळांतील वेग दुपटीच्या जवळपासही गेला नाही. याचे कारण कोअर मोजण्याच्या पद्धतीत आहे. या चिपांतील कोअर गटागटाने बसवलेले असतात आणि दोन्ही कार्डांत असे गट ६८ च आहेत. जुन्या घडणीत प्रत्येक गटात दशांश-अपूर्णांकांचे गणित करणारे ६४ कोअर होते आणि पूर्णांकांचे गणित करणारे ६४ एकक वेगळे होते, जे कोअरच्या संख्येत धरले जात नसत. नव्या घडणीत या दुसऱ्या ६४ एककांना दोन्ही प्रकारचे गणित शिकवले गेले, आणि गटातील कोअरची संख्या पत्रकावर १२८ झाली. परंतु खेळाच्या गणितात पूर्णांकांच्या सूचनाही सतत येत असतात. एनव्हिडियाच्याच जुन्या माहितीनुसार दशांश-गणिताच्या दर १०० सूचनांमागे पूर्णांकांच्या सुमारे ३६ सूचना असतात. त्या आल्या की १२८ पैकी काही कोअर तिकडे गुंततात, आणि पत्रकातला टेराफ्लॉपचा आकडा प्रत्यक्षात गाठला जात नाही.

कंपनी बदलली की हे माप आणखी सैल होते. ३०८० चा समकालीन प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ६८०० एक्सटी या कार्डाचा टेराफ्लॉपचा आकडा २०.७ होता, म्हणजे ३०८० पेक्षा तब्बल तीस टक्क्यांनी कमी. तरीही नेहमीच्या पद्धतीने चित्र काढणाऱ्या खेळांत ते ३०८० च्या खांद्याला खांदा लावून चालले. प्रकाशकिरणांचा मार्ग शोधून सावल्या आणि प्रतिबिंबे काढण्याच्या ‘रे ट्रेसिंग’ या पद्धतीत मात्र ते मागे पडले, कारण त्या कामासाठी एनव्हिडियाच्या चिपवर अधिक समर्थ असे खास एकक होते. ३०८० आणि ४०७० यांच्या कोअरगटांची घडण मात्र बरीच सारखी आहे, प्रत्येक गटात १२८ कोअर ही मांडणीही तीच आहे, म्हणून या जोडीत टेराफ्लॉपचा पुरावा ग्राह्य धरता येतो. तो ग्राह्य का, हे आधी तपासावे लागते.

मेमरीचे दार आणि मिसळणाचा डबा

कोअरचा हिशेब जुळला तरी कोड्याचा अवघड भाग उरतोच, कारण आचाऱ्यांचे काम तेवढेच असताना शिधा येण्याचे दार एकतृतीयांशाने अरुंद झाले आहे. या दाराचा आकडा कसा येतो ते आधी पाहू. मेमरीच्या प्रत्येक चिपला ग्राफिक्स चिपशी जोडणाऱ्या ३२ वाहिन्या असतात. ३०८० वर एक-एक गिगाबाइटच्या दहा मेमरी-चिपा आहेत, म्हणून मेमरी १० गिगाबाइट आणि जोडणीची रुंदी ३२० बिट. ४०७० वर दोन-दोन गिगाबाइटच्या सहा चिपा आहेत, म्हणून मेमरी १२ गिगाबाइट आणि रुंदी १९२ बिट. पहिल्या कार्डात प्रत्येक वाहिनीवरून सेकंदाला १९ अब्ज बिट धावतात, तर दुसऱ्यात २१ अब्ज. रुंदीला या वेगाने गुणून, आठ बिटांचा एक बाइट म्हणून आठने भागले की ७६० आणि ५०४ हे आकडे मिळतात. मेमरी किती असावी हे कंपनी मनाला येईल तसे ठरवू शकत नाही, हेही यावरून कळते. रुंदी १९२ बिट ठरली की त्या काळच्या मेमरी-चिपांच्या मापांत ६, १२ किंवा पाठीला पाठ लावून दुप्पट चिपा बसवल्या तर २४ गिगाबाइट एवढेच पर्याय उरतात.

रुंदी कमी करण्यामागे काटकसर आहे, पण तेवढेच नाही. मेमरीशी जोडणाऱ्या वाहिन्यांची व्यवस्था चिपच्या कडेकडेने बसवावी लागते आणि लहान चिपला कडेची लांबीच कमी असते. शिवाय चिपबाहेरच्या मेमरीतून माहिती आणण्यास जी ऊर्जा लागते ती चिपच्या आतल्या आत माहिती हलवण्यापेक्षा कितीतरी अधिक असते. म्हणून रचनाकारांनी दुसरा मार्ग धरला. स्वयंपाकघरात मोहरी, हळद, तिखट यांसाठी कोणी दर फोडणीला कोठीत जात नाही. मिसळणाचा डबा ओट्यावरच असतो. चिपच्या आत असाच एक साठा असतो, ज्यात नुकतीच वापरलेली आणि लगेच पुन्हा लागण्याची शक्यता असलेली माहिती ठेवली जाते, आणि त्याला ‘कॅश’ म्हणतात. ३०८० मध्ये सर्व कोअरगटांना सामायिक असलेली ही कॅश ५ मेगाबाइटची होती. ४०७० मध्ये ती ३६ मेगाबाइटची झाली. नव्या प्रक्रियेने मिळालेल्या ट्रान्झिस्टरांपैकी बराच वाटा येथे खर्च झाला आहे. कॅशमधील एक बिट साठवण्यास साधारणतः सहा ट्रान्झिस्टर लागतात, त्या हिशेबाने ३६ मेगाबाइटच्या नुसत्या साठ्यालाच सुमारे १.८ अब्ज ट्रान्झिस्टर लागतात.

या खर्चाचा मोबदला मोठा आहे. जुन्या कार्डाच्या तुलनेत बाहेरच्या मेमरीकडे जाणाऱ्या मागण्यांपैकी एकतृतीयांश जरी कॅशनेच भागवल्या, तरी ५०४ गिगाबाइटच्या दारातून ७५६ गिगाबाइटच्या दाराइतके काम निभावते, आणि ३०८० चा आकडा ७६० आहे. एएमडीने हाच मार्ग २०२० मध्येच धरला होता. वर उल्लेखलेल्या ६८०० एक्सटी मध्ये रुंदी २५६ बिटच होती, पण चिपच्या आत १२८ मेगाबाइटची कॅश होती.

कॅशचा उपयोग कोठपर्यंत होतो हे पडद्याच्या मापावर अवलंबून आहे, आणि या दोन कार्डांतील खरा फरक येथेच उघड होतो. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी चार बाइट धरले तर १४४० च्या पडद्यावरची एक फ्रेम सुमारे १४.७ मेगाबाइटची होते, तर फोर-के पडद्यावरची ३३.२ मेगाबाइटची. चित्र काढताना रंगाखेरीज अंतर, पृष्ठभागाची दिशा, प्रकाश यांचेही असेच पडद्याएवढे तक्ते वापरात असतात. ३६ मेगाबाइटच्या डब्यात १४४० चे असे दोन तक्ते मावतात, फोर-के चा मात्र एकच तक्ता तो जवळजवळ भरून टाकतो. त्यामुळे पडदा मोठा होत जातो तशा कोठीकडच्या खेपा वाढतात, अरुंद दार जाणवू लागते, आणि १४४० वर बरोबरीत चाललेले ४०७० फोर-के वर ३०८० च्या किंचित मागे पडते.

[चौकट : दोन कार्डे एका दृष्टिक्षेपात]
बाजारात आगमन : ३०८० – सप्टेंबर २०२०, ४०७० – एप्रिल २०२३
अमेरिकेतील आरंभीची किंमत : ६९९ डॉलर, ५९९ डॉलर
कोअर : ८,७०४; ५,८८८
कमाल क्लॉक : १७१० मेगाहर्ट्झ, २४७५ मेगाहर्ट्झ
गणनशक्ती : २९.८ टेराफ्लॉप, २९.१ टेराफ्लॉप
मेमरी : १० गिगाबाइट, ३२० बिट; १२ गिगाबाइट, १९२ बिट
बँडविड्थ (सेकंदाला) : ७६० गिगाबाइट, ५०४ गिगाबाइट
सामायिक कॅश : ५ मेगाबाइट, ३६ मेगाबाइट
विजेची मर्यादा : ३२० वॅट; २०० वॅट

मेमरी पुरेशी असते किंवा नसते

मेमरीच्या क्षमतेचा, म्हणजे १० की १२ गिगाबाइट या आकड्याचा, स्वभाव बाकीच्या आकड्यांहून निराळा आहे. क्लॉक दहा टक्क्यांनी वाढला तर वेगही थोडाफार वाढतो. क्षमता दुप्पट केली तरी, आधीची पुरत असेल तर, वेगात काहीच फरक पडत नाही. ती अपुरी पडली की मात्र घसरण एकदम होते. कार्डावर न मावलेली माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवावी लागते आणि ती ज्या जोडणीतून कार्डाकडे येते तिची एका दिशेची क्षमता या दोन्ही कार्डांसाठी सेकंदाला सुमारे ३२ गिगाबाइटच आहे, म्हणजे ३०८० च्या स्वतःच्या मेमरीच्या तुलनेत चोवीस पटींनी कमी. खेळ मग अधूनमधून अडखळतो, किंवा दूरच्या भिंती आणि झाडे धूसर दिसू लागतात. सर्वोच्च दर्जावर चालवलेल्या काही नव्या खेळांना १० गिगाबाइटही अपुरे पडते, आणि अशा वेळी ४०७० ची जादा दोन गिगाबाइट मेमरी तिच्या अरुंद दारापेक्षा अधिक मोलाची ठरते.

वेग मोजावा कसा

तपशीलपत्रक बाजूला ठेवून प्रत्यक्ष मोजमापाकडे वळले तरी सावधपणा सुटत नाही. वेग सांगण्याचे रूढ माप ‘सेकंदाला किती फ्रेम’ हे आहे, आणि ते बहुधा सरासरीत दिले जाते. समजा एका कार्डाने एका सेकंदात ५० फ्रेम प्रत्येकी १६ मिलिसेकंदांत काढल्या आणि उरलेल्या २०० मिलिसेकंदांत एकच फ्रेम काढली. त्याची नोंद ५१ फ्रेम अशी होईल. दुसऱ्या कार्डाने प्रत्येक फ्रेम बरोबर २० मिलिसेकंदांत काढली तर त्याची नोंद ५० होईल. सरासरी पहिल्याला श्रेष्ठ ठरवते, पण एकपंचमांश सेकंद पडदा गोठलेला पाहणाऱ्या डोळ्यांना पहिले कार्डच खराब वाटेल, आणि डोळ्यांचेच खरे आहे. स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये टेक रिपोर्ट या प्रकाशनातून सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजण्याचा आग्रह धरला, आणि त्यानंतर ही पद्धत परीक्षकांमध्ये रुजली. आज चांगल्या परीक्षणात सरासरीबरोबर सर्वांत संथ एक टक्का फ्रेमांचा आकडाही दिलेला असतो, आणि वाचकाने तो आधी पाहावा.

दुसरा धोका खोट्या बरोबरीचा. प्रत्येक फ्रेमसाठी काय काढायचे याच्या सूचना मुख्य प्रोसेसर तयार करतो. पडदा लहान असेल आणि कार्ड समर्थ असेल तर कार्डाचे काम आधी उरकते आणि ते पुढच्या सूचनांची वाट पाहत बसते. अशा स्थितीत दोन असमान कार्डेही सारखाच आकडा दाखवतात, कारण मोजला जात असतो तो प्रोसेसर. ३०८० आणि ४०७० यांची बरोबरी या जातीची नाही, हे वेगवान प्रोसेसर जोडून १४४० आणि फोर-के अशा दोन्ही मापांवर चाचणी घेतली की स्पष्ट होते. मात्र जुन्या प्रोसेसरच्या संगणकात यांपैकी कोणतेही कार्ड बसवणाऱ्याने पत्रकातला वेग मिळेल असे धरून चालू नये.

काढलेल्या फ्रेम आणि रचलेल्या फ्रेम

गेल्या काही वर्षांत तुलनेत नवा गुंता शिरला आहे. एनव्हिडियाच्या ‘डीएलएसएस’ या तंत्रात कार्ड चित्र लहान मापात काढते आणि प्रशिक्षित गणिती प्रारूपाच्या मदतीने ते मोठे करते. फोर-के पडद्यासाठी गुणवत्तेला प्राधान्य देणाऱ्या पर्यायात मूळ चित्र १४४० चेच असते. हे दोन्ही कार्डांना जमते. २०२२ च्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने मात्र दोन काढलेल्या फ्रेमांच्या मध्ये एक फ्रेम अंदाजाने रचण्याची सोय आणली, आणि ती एनव्हिडियाने ४०७० च्या पिढीपुरती ठेवली. ही सोय चालू केली की सेकंदातील फ्रेमांचा आकडा एकदम फुगतो आणि ४०७० हे ३०८० च्या बरेच पुढे दिसते. हालचाल खरोखरच अधिक गुळगुळीत दिसते, हे मान्य करायला हवे. पण मधली फ्रेम रचण्यासाठी पुढची फ्रेम हाती येईपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे खेळणाऱ्याने कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ घटत नाही, उलट थोडा वाढतो. जलद फ्रेमांपासून जे दोन लाभ अपेक्षित असतात त्यांपैकी एकच येथे मिळतो.

या फुगलेल्या आकड्याचा वापर विक्रीसाठी कसा होतो याचे ठळक उदाहरण जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगास येथे दिसले. तेथे एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० ची कामगिरी देते असे जाहीर केले. ५०७० मध्ये ६,१४४ कोअर आणि १२ गिगाबाइट मेमरी आहे. ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ गिगाबाइट. हा दावा एका काढलेल्या फ्रेममागे तीन फ्रेम रचण्याच्या नव्या सोयीवर उभा होता. रचलेल्या आणि काढलेल्या फ्रेम एकाच रकान्यात मांडणे अयोग्य आहे, आणि जो आलेख तसे करतो तो वाचकाने तुलनेसाठी ग्राह्य धरू नये.

एकाच नावाची अनेक कार्डे

येथवर ‘३०८०’ आणि ‘४०७०’ ही नावे एकेका कार्डाची असल्यासारखी वापरली आहेत, दुकानात मात्र तसे नसते. जानेवारी २०२२ मध्ये ३०८० चीच १२ गिगाबाइटची आवृत्ती आली; तिच्यात कोअर ८,९६० आणि रुंदी ३८४ बिट होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ४०७० ची किंचित संथ मेमरी असलेली आवृत्ती आली, जिची बँडविड्थ ४८० गिगाबाइट आहे. सर्वांत मोठी गफलत लॅपटॉपच्या बाबतीत होते. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०७० ही वेगळीच, लहान चिप आहे; तिच्यात ४,६०८ कोअर, ८ गिगाबाइट मेमरी आणि १२८ बिट रुंदी असून तिला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, म्हणून एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांचा वेगही सारखा निघत नाही.

काम बदलले की निकाल बदलतो

खेळांपुरती बरोबरीत सुटलेली ही जोडी दुसऱ्या कामाला लावली की निकाल फिरतो. भाषेची प्रारूपे, म्हणजे प्रश्नांना उत्तरे देणारे संगणकीय कार्यक्रम, घरच्या संगणकावर चालवण्याकडे आता अनेकांचा कल आहे. अशा प्रारूपात अब्जावधी संख्या साठवलेल्या असतात आणि उत्तराचा प्रत्येक तुकडा तयार करताना त्या जवळजवळ सगळ्या एकदा मेमरीतून वाचाव्या लागतात. सात अब्ज संख्यांचे प्रारूप, प्रत्येक संख्येला चार बिट देऊन, साडेतीन गिगाबाइटांत बसवले तर ३०८० ची बँडविड्थ सेकंदाला जास्तीत जास्त २१७ तुकडे तयार होऊ देईल आणि ४०७० ची १४४. येथे ३६ मेगाबाइटची कॅश उपयोगी पडत नाही, कारण दर वेळी साडेतीन गिगाबाइटांची संपूर्ण कोठीच ओट्यावर आणायची असते आणि कोणतीही संख्या लगेच पुन्हा लागत नाही. जुन्या कार्डाचे रुंद दार या कामात खरोखर सरस ठरते. पण तेरा अब्ज संख्यांचे प्रारूप प्रत्येकी सहा बिटांनी घेतले तर ते पावणेदहा गिगाबाइटांचे होते, संभाषणाची नोंद ठेवायला लागणारी जागा धरली की ३०८० च्या १० गिगाबाइटांत ते मावत नाही, आणि ४०७० वर मावते. चलचित्रांचे संपादन करणाऱ्याला आणखी वेगळा फरक जाणवेल. ‘एव्ही-१’ या नव्या, कमी जागेत चांगले चित्र देणाऱ्या पद्धतीने चलचित्र साठवण्याचे खास एकक ४०७० मध्ये आहे, तर ३०८० मध्ये अशी चलचित्रे दाखवण्याची सोय आहे, साठवण्याची नाही.

विजेचा हिशेब मात्र प्रत्येक कामाला लागू आहे. दोन्ही कार्डे पूर्ण भाराने रोज चार तास चालवली तर १२० वॅटच्या फरकाने दिवसाला जवळजवळ अर्धे युनिट आणि वर्षाला सुमारे १७५ युनिट वीज ३०८० ला अधिक लागते, आणि तिची उष्णता त्याच खोलीत पसरते. संगणकाच्या वीजपुरवठा संचासाठी एनव्हिडियाची शिफारस ३०८० करिता ७५० वॅटची आहे आणि ४०७० करिता ६५० वॅटची, म्हणून जुने ३०८० स्वस्तात घेणाऱ्याने त्या किमतीत नव्या संचाची किंमत मिळवावी लागेल का, हे खरेदीपूर्वी आपल्या संगणकाचा संच पाहून ठरवावे.